प्रातःकाळचा निवेदक आणि आमचा मुका जिल्हा

आमच्या सुशिक्षित वर्गाची आवडनिवड मोठी विलक्षण आहे. कीर्तनकाराला तो मान देतो, नटाला हार घालतो, वृत्तपत्राच्या संपादकापुढें थोडासा दबूनच वागतो. परंतु रोज सकाळीं सातच्या सुमारास ज्याचा आवाज ऐकत तो चहा घेतो, त्या नभोवाणीवरील निवेदकाचा विषय निघाला कीं त्याच्या कपाळास आठ्या पडतात. बडबड्या, टवाळ, दोन गाण्यांच्या मध्यें लुडबुड करणारा, अशीं विशेषणें त्याच्यासाठीं तयारच असतात. एखाद्या विद्यार्थ्यानें निवेदक होण्याची इच्छा घरीं बोलून दाखविली, तर ‘मग पोटाचें काय?’ हा प्रश्न आधीं त्याच्या अंगावर येतो. या तिरस्काराचें मूळ त्या धंद्याविषयींच्या अज्ञानांत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि या अज्ञानाची किंमत मुंबई-पुण्यापेक्षां बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांनाच अधिक द्यावी लागते, हें दाखविण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

निवेदकाचा धंदा म्हणजे काय, हें प्रथम नीट पाहिलें पाहिजे. गाणें लावणें हें यंत्राचें काम आहे, आणि तें यंत्र आतां प्रत्येकाच्या खिशांत आहे. निवेदक दररोज ठरल्या वेळीं, स्वतःच्या नांवानें, त्याच लोकांशीं बोलावयास येतो. आज सांगितलेलें चुकलें, तर उद्यां सकाळीं त्याच घटकेस, त्याच तोंडानें, त्याच लोकांपुढें त्याला पुन्हा उभें राहावयाचें असतें. ही पुन्हा येण्याची सक्ति हीच त्याच्या विश्वासार्हतेची हमी. आमच्या खेड्यांना हा प्रकार मुळींच नवा नाहीं. मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या वाजवीत पहाटे दारीं येणारा वासुदेव हा या धंद्याचा मूळपुरुष होय. तो ज्या आळींतून जाई, त्या आळीची त्याला ओळख असे. कोणाच्या घरीं दुःख आहे, कोणाच्या घरीं लग्न आहे, हें जाणून तो बोले.

याच जिल्ह्यांत जळगांव जामोद तालुक्यांतील भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेस शेतांत घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशीं सूर्योदयाच्या सुमारास त्या मांडणीवरून पाऊसपाण्याचें व पिकांचें भाकीत सांगतात. धान्याचे दाणे रात्रींतून इकडचे तिकडे झाले म्हणून मृगाचा पाऊस लांबतो, यावर आमचा काडीइतकाही विश्वास नाहीं. पण गांवोगांवचे शेतकरी तेथें पहाटे कां जमतात, याचा विचार आमच्या बुद्धिवादी मित्रांनीं करण्यासारखा आहे. वेधशाळेचा अंदाज ‘विदर्भांत तुरळक ठिकाणीं’ एवढें सांगून मोकळा होतो. भेंडवळचा आवाज कपाशीचें, तुरीचें, ज्वारीचें नांव घेऊन ऐकणाराच्या शिवाराविषयीं बोलतो. शास्त्राजवळ सत्य आहे, पण शेजार नाहीं. भाकिताजवळ शेजार आहे, पण शास्त्र नाहीं. ही दोन्ही ज्याच्या तोंडीं एकत्र यावींत, असा मनुष्य म्हणजे आमच्या मतें सकाळचा निवेदक.

असा मनुष्य आम्हांस कां लाभला नाहीं, हें समजण्यास थोडा इतिहास पाहावा लागेल. मुंबईचें नभोवाणी-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्या वेळीं मध्यप्रांत व वऱ्हाडांत असलेल्या बुलढाण्यास आपल्या प्रांतांतलें म्हणावें असें नागपूरचें केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं निघालें. पुढें सन १९५२ मध्यें माहिती व नभोवाणी खातें बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी विद्वानाच्या हातीं आलें. केसकरांची रसिकता शास्त्रीय संगीताची, आणि हेतूही निर्मळ. परंतु लोकांची अभिरुचि सुधारण्यासाठीं त्यांनीं जो मार्ग धरला, त्यायोगें चित्रपटगीतें सरकारी नभोवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालीं. लोकांची अभिरुचि सुधारली काय? लोकांनीं फक्त खुंटी पिळली आणि कोलंबोचें रेडिओ सिलोन लाविलें. त्याच वर्षीं ३ डिसेंबर रोजीं तेथून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारीं रात्रीं त्यांचा आवाज अर्ध्या हिंदुस्थानास एकत्र बसवूं लागला. त्याच केंद्रावरील जुन्या गीतांचा प्रातःकाळचा कार्यक्रम आठाच्या ठोक्याआधीं कुंदनलाल सैगलांच्या गाण्यानें संपे, आणि त्यावर घरोघरचे लोक आपलीं घड्याळें लावीत. शेवटीं ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं सरकारनें ‘विविध भारती’ काढली आणि हद्दपार केलेल्या गीतांस स्वगृहीं परत बोलाविलें.

या प्रकरणाचा बोध सामान्यतः एवढाच घेतला जातो कीं, लोकांस करमणूक हवी. आम्हांस त्यांत आणखी एक बोध दिसतो. आजच्या झारखंडांतील झुमरी तलैया हें अभ्रकाच्या व्यापाराचें लहानसें गांव. पण तेथील श्रोते फर्माइशींचीं इतकीं पत्रें धाडीत कीं, निवेदकांच्या तोंडून त्या गांवाचें नांव देशभर पसरलें. कोलंबोच्या माणसानें आपल्या गांवाचें नांव घ्यावें म्हणून लोक पोस्टाचा खर्च सोशीत! ही भूक गाण्याची होती काय? गाणें तर पत्र न धाडतांही ऐकूं आलें असतें. ती भूक आपलें नांव आपल्या कानीं पडण्याची होती. तथापि कोलंबोचा निवेदक गांवाचें नांव घेऊं शके. त्या गांवाच्या नळास आज पाणी येणार कीं नाहीं, हें तो सांगूं शकत नसे.

तें सांगणारे निवेदक निघण्याची वेळ पुढें आली होती. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची खासगी मिरास नव्हे. सन २००१ मध्यें बंगळूर येथें पहिली खासगी एफ्. एम्. वाहिनी सुरू झाली आणि पाठोपाठ मोठ्या शहरांत निवेदकांचें एक नवेंच युग अवतरलें. त्यांतल्या सकाळच्या निवेदकांपैकीं मुंबईच्या मालिष्का मेंडोन्सा यांचें उदाहरण आम्ही मुद्दाम घेतों. कारण आमच्या वर्गानें ज्यांस टवाळ म्हणून नाक मुरडलें, त्यांत त्या अग्रभागीं आहेत. ‘रेड एफ्. एम्.’वरील सकाळच्या कार्यक्रमांतून त्या कित्येक वर्षें मुंबईकरांस उठवीत आल्या. सन २०१७ च्या जुलैंत त्यांनीं त्या वेळीं लोकप्रिय असलेल्या ‘सोनू’च्या गाण्याच्या चालीवर एक मराठी विडंबन रचून महानगरपालिकेच्या खड्ड्यांची आणि तुंबणाऱ्या पाण्याची थट्टा केली. गाणें शहरभर झालें. शिवसेनेच्या नगरसेवकांनीं पालिकेनें त्यांच्यावर ५०० कोटि रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावावा, अशी मागणी केली. त्याच सुमारास पालिकेच्या लोकांस त्यांच्या घरीं डासांच्या अळ्या सांपडल्या आणि नोटीस गेली. अळ्यांचा आणि गाण्याचा संबंध कोणीं जोडावा, कोणीं न जोडावा. आमचा मुद्दा निराळा आहे.

आमचा मुद्दा हा कीं, त्यांना गाणेंच कां रचावें लागलें? खड्डे किती, ते बुजविण्यास किती खर्च झाला, कंत्राट कोणास दिलें, हें सरळ गद्यांत त्यांनीं कां सांगितलें नाहीं? याचें उत्तर परवान्याच्या अटींत आहे. खासगी एफ्. एम्. वाहिनीस स्वतःची बातमी देण्यास मनाई आहे. सन २०११ च्या धोरणानें फार तर आकाशवाणीचें बातमीपत्र जसेंच्या तसें पुनःक्षेपित करण्याची मुभा दिली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ति, आरोग्याच्या सूचना यांस बातमी न मानण्याचें औदार्यही दाखविलें. परंतु नागरी सोयी व आपत्ति यांविषयींच्या सूचना स्थानिक प्रशासनाकडून आलेल्या असाव्यात, अशी मेख त्यांत मारून ठेवली. याचा अर्थ विचारी वाचकांनीं लक्षांत घ्यावा. निवेदकानें दवंडी पिटावी, प्रश्न विचारूं नये. थट्टा करावी, चौकशी करूं नये. राजदरबारीं विदूषकास बोलण्याची मोकळीक असे, मंत्र्यास नसे. त्यांतलाच हा न्याय. मग आम्हीच तोंड वर करून म्हणावें कीं, हे निवेदक नुसते विदूषक आहेत! ज्याचे हात बांधले त्यास लुळा म्हणून हिणविण्यासारखेंच हें नव्हे काय?

या मनाईचें समर्थन असें करण्यांत येतें कीं, नभोवाणी अडाण्याच्याही कानापर्यंत पोंचते, म्हणून तिच्यावरील बातमी धोक्याची. हा युक्तिवाद पारतंत्र्यांत शोभला असता. आज वृत्तपत्रें बातमी देतात, दूरचित्रवाणीच्या वाहिन्या रात्रंदिवस बातमीच्या नांवाखालीं आरडाओरडा करतात, आणि मोबाइलवर तर ज्यास लिहितां येतें तो प्रत्येकजण वार्ताहर आहे. एवढ्या सर्वांस मोकळें सोडून फक्त रेडिओच्या तोंडास कुलूप लावण्यांत कोणतें शहाणपण आहे? सन २०२३ च्या सप्टेंबरांत दूरसंचार नियामक प्राधिकरणानेंच ताशीं दहा मिनिटें बातम्यांस परवानगी द्यावी अशी शिफारस केली. पुढल्या वर्षीं ऑगस्टांत केंद्रीय मंत्रिमंडळानें २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली. बातमीची मनाई मात्र त्या निर्णयानें उठली नाहीं. म्हणजे तोंडें वाढवावयाचीं ठरलीं, जिभा मात्र बांधलेल्याच ठेवल्या.

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. सन २०११ च्या जनगणनेप्रमाणें बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार आहे. तालुके तेरा. अजिंठ्याच्या डोंगराच्या रांगेनें त्याचे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा हा घाटावरचा मुलूख. खामगांव, मलकापूर, नांदुरा, शेगांव हा पूर्णेच्या खोऱ्यांतील घाटाखालचा. एकाच दिवशीं वर पाऊस आणि खालीं ऊन, हा आमचा नित्याचा अनुभव. खासगी वाहिन्यांच्या दुसऱ्या टप्प्यांत देशांतील ९१ शहरांची यादी झाली, तींत पूर्वेस अकोला होतें, पश्चिमेस जळगांव होतें, दक्षिणेच्या बाजूस औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) होतें. या तिघांच्या मध्यें असलेल्या बुलढाण्याचें नांव तींत नव्हतें. चारी बाजूंनीं दुसऱ्यांचे आवाज ऐकावे आणि आपण मुकाट्यानें कान द्यावे, हा आमचा जणूं जन्मसिद्ध अधिकार झाला आहे.

यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. काय बिघडतें तें सन २०२४ च्या डिसेंबरापासून सन २०२५ च्या जानेवारीपर्यंत शेगांव तालुक्यानें भोगलें आहे. बोंडगांव, कालवड, हिंगणा वगैरे गांवांतील माणसांचे केस अवघ्या कांहीं दिवसांत गळूं लागले. बायका, मुलें, पुरुष, कोणीच सुटलें नाहीं. बाधितांची संख्या अडीचशेंच्या वर गेली. प्रथम बुरशीचा संसर्ग म्हणाले, मग पाण्यांतील नायट्रेटकडे बोट दाखविलें, मध्येंच साबण-शांपूवर आळ आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ज्ञ येऊन नमुने घेऊन गेले. पुढें फेब्रुवारींत विंचूदंशावरील संशोधनानें प्रसिद्ध असलेले महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं रेशनच्या गव्हांतील सेलेनियमचें कारण पुढें मांडलें. शास्त्रास वेळ लागतो, याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु मधल्या काळांत त्या गांवांतील माणसांनीं सकाळीं उठून कोणाचें ऐकावें? पाणी प्यावें कीं नाहीं? गहूं दळावा कीं नाहीं? रोग शिवल्यानें लागतो काय? या प्रश्नांचीं उत्तरें मोबाइलवरून फिरणाऱ्या निनांवी मजकुरानें दिलीं. त्या गांवांशीं सोयरीक नको, अशी भाषा सुरू झाली, आणि ठरलेलीं लग्नें मोडल्याच्या वार्ता वृत्तपत्रांत आल्या.

अशा वेळीं शेगांवांत किंवा खामगांवांत बसलेला एखादा परिचित निवेदक असता, तर त्यानें कांहीं रोग बरा केला नसता. पण तपासणींत आज काय निघालें, काय निघालें नाहीं, आणि काय अजून ठरावयाचें आहे, हे तीन भाग तो रोज सातास वेगवेगळे करून सांगता. एखाद्या डॉक्टरास समोर बसवून गांवकऱ्याचा प्रश्न गांवकऱ्याच्या वऱ्हाडींतच विचारता. निनांवी मजकूर लिहिणारास उद्यां सकाळीं कोणापुढेंही उभें राहावयाचें नसतें. निवेदकास राहावयाचें असतें. ‘आतां मोबाइल असतांना रेडिओ कशाला?’ असें विचारणारांस आमचें उत्तर एवढेंच. आणि हेंही विसरूं नये कीं, आजच्या अटींप्रमाणें असा खासगी निवेदक तेथें असता, तरी प्रशासनानें दिलेल्या सूचनेपलीकडे एक शब्द चौकशीचा उच्चारण्याचा अधिकार त्यास नसता.

सरकारी आकाशवाणीवर तरी या कामाची आशा ठेवावी, तर तिचीही वाट उलट दिशेनें चाललेली दिसते. सन २०२३ च्या जूनमध्यें पुणें आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तेथील सकाळचें बातमीपत्र दुसऱ्या शहरांतून देण्याचा हुकूम निघाला. पुणेकरांनीं एकच ओरड केली, आणि तो हुकूम स्थगित झाला. पुणेकर ओरडले, कारण त्यांच्याजवळ गमावण्यासारखा आवाज होता. आम्ही कशासाठीं ओरडणार? आकाशवाणीच्या केंद्रांवर जे तरुण माईकपुढें बसतात, त्यांतले कित्येक नैमित्तिक उद्घोषक असतात. महिन्यांतून मोजक्या पाळ्या, पाळीगणिक मानधन आणि कायमपणाची आशा नाहीं. अशा स्थितींत ‘पोटाचें काय?’ हा बापाचा प्रश्न खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तो प्रश्न मुलास विचारण्याऐवजीं सरकारास विचारावा, एवढेंच आमचें म्हणणें.

दुसऱ्या देशांनीं या धंद्यास कसें वागविलें तेंही पाहावें. इंग्लंडांत टेरी वोगन हा आयरिश गृहस्थ सन १९७२ पासून बी. बी. सी.वर सकाळचा कार्यक्रम करूं लागला. मधली कांहीं वर्षें सोडतां सन २००९ पर्यंत त्यानें तें काम केलें. त्याचे श्रोते ऐंशी लाखांच्या घरांत होते, आणि त्यास सर ही पदवी मिळाली. पण त्याहून आम्हांस महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही कीं, त्याच बी. बी. सी.नें ८ नोव्हेंबर १९६७ रोजीं लेस्टर येथें आपलें पहिलें स्थानिक केंद्र काढलें आणि मग गांवोगांव तशीं केंद्रें पसरविलीं. देशाचा एक आवाज आणि गांवाचा एक आवाज, दोन्ही लागतात, हें त्यांना साठ वर्षांपूर्वीं उमजलें. आमच्याकडे देशाच्या आवाजाची वाण कधींच पडली नाहीं. गांवाच्या आवाजाचा मात्र अद्याप दुष्काळ आहे.

भाषाशुद्धीचे अभिमानी एक आक्षेप घेतील, आणि त्यांचा राग आम्हांस समजतो. या निवेदकांची भाषा अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी, उरलीच तर मराठी, अशी असते हें खरें. परंतु त्याचें कारण काय? एका शहरांत बसून दहा शहरांसाठीं बोलणाराची भाषा कोणत्याच गांवची राहत नाहीं. ज्यास मेहकरच्या आठवडी बाजारांत, चिखलीच्या सोयाबीनच्या लिलावांत, शेगांवाहून निघालेल्या पालखीच्या मुक्कामावर उभें राहून बोलावयाचें आहे, त्याच्या तोंडीं ती खिचडी टिकणार नाहीं. श्रोतेच त्यास दुसऱ्या दिवशीं टोकतील. भाषा सुधारावयाची तर केसकरांची वाट पुन्हा धरून चालणार नाहीं. निवेदकास त्याच्या भाषेच्या माणसांत नेऊन बसवावें, म्हणजे पुरे.

तेव्हां आमचें मागणें तीन शब्दांत सांगतां येईल: बातमी, केंद्र, माणूस. खासगी व सामुदायिक नभोवाणीवरील बातमीची मनाई उठवावी. वृत्तपत्रास जो कायदा तोच तिला लावावा, आणि खोटें बोलणारास त्याच कायद्यानें शासन करावें. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निदान सकाळचा एक तास आकाशवाणीनें जिल्ह्याच्याच माणसाकडून चालवावा. तिसरें मागणें सरकारकडे नाहीं. तें आमच्याच वर्गाकडे आहे. सामुदायिक नभोवाणीचें केंद्र काढण्याची परवानगी शिक्षणसंस्थांस सन २००२ पासून आणि स्वयंसेवी संस्था व कृषिविज्ञान केंद्रांस सन २००६ पासून आहे. शंभर वॉटचें यंत्र, पांचदहा किलोमीटरचा टापू, एवढाच त्याचा पसारा. पुणें विद्यापीठानें ‘विद्यावाणी’ काढली. साताऱ्याकडच्या म्हसवडसारख्या दुष्काळी गांवांत ‘माणदेशी तरंग’ निघाली. आमच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या संमेलनांवर आणि कमानींवर जो पैसा खर्च होतो, त्याचा कांहीं भाग या कामीं वळविण्यास कोणाची हरकत आहे?

मराठीचे आणि शास्त्राचे इतके पदवीधर आम्ही दरवर्षीं बाहेर काढतों. त्यांतून ज्याचा आवाज स्वच्छ, कान सावध आणि छाती निधडी, असा एखादा मुलगा किंवा मुलगी ‘मला सकाळचें निवेदन करावयाचें आहे’ असें म्हणाली, तर आईबापांनीं कपाळास आठ्या न घालतां तिला आधीं तेरा तालुके हिंडून यावयास सांगावें. शेगांव तालुक्यांतील त्या गांवांसारखें संकट पुन्हा कोठें उद्भवेल तें कोणास ठाऊक. पण तें उद्भवेल त्या दिवशीं सकाळीं सातास या जिल्ह्याच्या घराघरांत कोणी ओळखीचा माणूस खरें तेंच सांगत असला पाहिजे, आणि त्यास तें सांगण्याची मोकळीक असली पाहिजे.